नवा बॉल पायथन खात नाही: बुजलाय की कात टाकायला आलाय?

नवा बॉल पायथन (घरी पाळला जाणारा आफ्रिकी साप) कोपऱ्यात दडून बसतो, उंदराला तोंड लावत नाही, हात आत गेला की अंगाचा गोळा करतो किंवा फुत्कारतो. कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: नव्या जागेत तो बुजलेला असतो, नाहीतर कात टाकायच्या बेतात असतो. दोन्हीत त्याला हातात घ्यायचं नसतं. पण ओलाव्याच्या बाबतीत दोघांची गरज वेगळी, आणि गफलत नेमकी तिथेच होते.

आधी डोळे पाहा. बुजलेल्या सापाचे डोळे स्वच्छ, काळेभोर असतात आणि अंगावरची नक्षी ठळक दिसते. कात टाकायला आलेल्याचा रंग मळकट होतो, पोट गुलाबी दिसू लागतं आणि मग डोळ्यांवर निळसर दुधी पडदा येतो. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साचतो, त्याचा हा परिणाम. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात. इथेच बरेच जण फसतात: डोळे स्वच्छ झाले म्हणजे साप माणसाळला असं धरून त्याला उचलतात. खरं तर कात त्यानंतर साधारण तीन ते सहा दिवसांनी उतरते आणि तोवर खालची त्वचा नाजूक असते. पोट बघण्यासाठीही त्याला उचलू नका. टबच्या (म्हणजे त्याच्या पेटीच्या) काचेला टेकून वर चढला की दिसतंच.

बुजलेल्याला एकांत द्या. टबच्या तीन बाजू कागदाने झाका. उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना एकेक लपणी (लपायची बंदिस्त जागा) ठेवा. ती इतकी आटोपशीर हवी की वेटोळ्याला भिंती टेकल्या पाहिजेत. उबदार टोक ३१-३२ अंश, थंड टोक २५-२७ अंश, आर्द्रता ५५-६५ टक्के. पहिला आठवडा फक्त पाणी बदला आणि विष्ठा काढा, मग खाणं द्या. नाकारलं तर उंदीर काढून टाका आणि पुन्हा आठवड्याने द्या. रोज उंदीर नाचवला तर साप आणखी बिथरतो. तो खात नाही म्हणून टबमध्ये पाणी फवारत राहू नका. तळ सतत ओला राहिला की पोटाच्या खवल्यांवर फोड येतात.

कात टाकणाऱ्याला मात्र ओलावा हवाच: आर्द्रता ७० टक्क्यांपर्यंत न्या, किंवा झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं, पिळून घेतलेलं मॉस (शेवाळ) ठेवा. नर्सरीत ऑर्किडसाठी मिळतं तेच, खत न मिसळलेलं. उतरलेल्या कातीत दोन्ही डोळ्यांच्या चकत्या आणि शेपटीचं टोक आहे ना, हे तपासा. शेपटीला कातीचं कडं राहिलं तर रक्तपुरवठा तुटतो. डोळ्यावरची चकती नखाने किंवा चिमट्याने ओढू नका. पुढच्या कातीवेळी आर्द्रता सांभाळा, तरीही निघाली नाही तर पशुवैद्याकडे न्या.

नागपुरात हे जास्त जपावं लागतं. मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की कात तुकड्यातुकड्यांनी निघते. कूलर लावला की आर्द्रता मिळते, पण झोत टबवर नको. आणि थर्मोस्टॅट (तापमान राखणारं यंत्र) हीट मॅट (टब गरम ठेवणारी चटई) बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टब घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवा. जानेवारीत गणित उलटं: रात्री थंड टोक २४ अंशांखाली गेलं तर साप खाणं सोडतो, आणि आपण त्याला बुजलेला समजत राहतो.

हाताळायला सुरुवात दिवस मोजून नव्हे, ओळीने दोन वेळा नीट खाल्ल्यावर करा. तीही खाण्यानंतर ४८ तास सोडून, पाच मिनिटांपुरती. कातीचे दिवस मध्ये आले तर तेवढं थांबा. या काळात परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर या विदेशी सापाची नोंद उरकून घ्या, २०२४ च्या नियमांप्रमाणे ती आवश्यक आहे. देशी अजगर, धामण, मांडूळ पाळणं मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे.

तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे किंवा दहा टक्क्यांहून जास्त वजन घट दिसली, तर ते ना बुजणं ना कात. थेट सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा.