परत केलेली नावं: ‘नात्सुमे यूजिनचो’ची पार्श्वभूमी

वही हातात धरायची. समोर उभ्या असलेल्या योकाईचं, म्हणजे जपानी लोककथांतल्या भुताखेतासारख्या अलौकिक जिवाचं, रूप मनात आणायचं आणि त्याला नाव दाखवायला सांगायचं. पानं आपोआप फडफडतात, त्यातलं एक ताठ उभं राहतं. ते काढून ओठांत धरायचं, दोन्ही तळहात जोरात एकमेकांवर आणायचे, डोळे मिटायचे आणि श्वास सोडायचा. कागदावरची शाई सुटते, अक्षरं हवेत ओढली जातात आणि त्या योकाईच्या कपाळात शिरतात. मिदोरिकावा युकी या लेखिकेच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेल्या ‘नात्सुमे यूजिनचो’ या ॲनिमे मालिकेचा नायक ताकाशी नात्सुमे हे करतो तेव्हा त्याच्या अंगातलं त्राण जातं, आणि त्याच क्षणी त्याला आपल्या आजीची, रेइकोची, एक आठवण त्या योकाईच्या डोळ्यांनी दिसते.

यात काय काय चुकू शकतं तेही मालिकेनं नीट ठरवून ठेवलंय. रूप मनात आलं नाही तर पान सापडत नाही. कागद फाटला तर योकाईचं अंग फाटतं, कागद जळला तर तो जळतो. पहिल्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात दोन पानं भाताच्या वाळलेल्या शिताने चिकटलेली निघतात. ओढून सोडवली तर नावांना इजा होणार, म्हणून दुसऱ्या पानाचा मालक शोधून दोन्ही नावं एकदमच परत द्यावी लागतात. रेइको जेवता जेवता वही चाळत असणार, हे त्या एका शितावरून कळतं. पात्र उभं करण्याची इतकी साधी आणि नेमकी रीत फार कमी ठिकाणी दिसते.

शीर्षकातला ‘यूजिन’ म्हणजे मित्र आणि ‘चो’ म्हणजे नोंदवही, खातेवहीतली वही. रेइकोला योकाई दिसायचे म्हणून माणसं तिला टाळायची. मग ती रानात जाऊन योकाईंना पैजेचं आव्हान द्यायची, हरवायची आणि हरलेल्याकडून कागदावर नाव लिहून घ्यायची. ज्याच्या हाती वही, त्याची त्या नावावर हुकमत. ती तरुणपणीच गेली आणि वही नातवाकडे आली. पहिल्या भागातली हिशिगाकी नावाची योकाई रेइकोच्या एका हाकेची वर्षानुवर्षं वाट पाहत राहिलेली असते. भुकेल्या हिशिगाकीला रेइकोनं आपल्या मांजूतला, म्हणजे गोड सारणाच्या उकडलेल्या पावातला, वाटा दिला होता. हाक मात्र कधी आलीच नाही.

नावावर ताबा म्हणजे जिवावर ताबा, ही कल्पना लेखिकेची नाही, जपानची जुनी आहे. उच्चारलेल्या शब्दात शक्ती असते, या समजुतीला तिथे ‘कोतोदामा’ म्हणतात. आठव्या शतकातल्या ‘मानयोशू’ या काव्यसंग्रहात हा शब्द आहे. थोरामोठ्यांचं खरं नाव, ‘इमिना’, तोंडावर घ्यायचं नाही, हाही रिवाज होता. रात्री सापाला साप न म्हणता ‘जनावर’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

योकाईंना कागदावर आणण्याचा इतिहासही मोठा आहे. १७७६ मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने ‘गाझू ह्याक्की याग्यो’ हे योकाईंचं चित्रपुस्तक काढलं. तोवर चित्रांच्या लांब गुंडाळ्यांवर योकाईंची मिरवणूक असायची. सेकिएनने त्यांना वेगळं काढलं, बहुतेकांना स्वतंत्र पान दिलं आणि बाजूला नाव लिहिलं. मेइजी काळात (१८६८–१९१२) इनोउए एन्र्यो या तत्त्वज्ञाने याच्या उलट काम केलं. त्याने योकाईंचा शास्त्रीय अभ्यास मांडला, पण हेतू होता अंधश्रद्धा खोडून काढण्याचा. मग १९१० मध्ये लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी ‘तोनो मोनोगातारी’ हे लोककथांचं पुस्तक छापलं. तोनो गावच्या सासाकी किझेनकडून ऐकलेल्या ११९ नोंदी, आणि पहिली आवृत्ती अवघी ३५० प्रतींची. त्यात योकाईला गाव आहे, ओढा आहे, घर आहे. पुढे मिझुकी शिगेरू या चित्रकथाकाराच्या कितारो या पात्राने योकाई घराघरात नेले. त्याची ॲनिमे मालिका १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर आली.

म्हणजे दोन-अडीचशे वर्षं माणसं योकाईंची नावं कागदावर उतरवत आली. मिदोरिकावा युकीचा नायक ती नावं कागदावरून सोडवून परत देतो. इतर अलौकिक मालिकांत नायक मंत्र मारून भूत बांधतो. इथे बांधलेलं सोडलं जातं. या मालिकेची सगळी माया मला या एका उलट्या क्रियेत दिसते.

यानागिताचं एक म्हणणं इथे फार उपयोगी पडतं: ज्या देवावरची श्रद्धा सुटते तो घसरत घसरत योकाई होतो. पुढे कोमात्सू काझुहिकोसारख्या अभ्यासकांनी हा सिद्धांत खोडला, आणि त्यांचे आक्षेप योग्यही आहेत. कथेसाठी मात्र तो अजून जिवंत आहे. त्यामागे खरी घडामोडही आहे. १९०६ पासून सरकारने लहान देवळं मोठ्या देवळांत विलीन करायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ७०,००० देवळं नाहीशी झाली. शितानं चिकटलेल्या पानाची गोष्ट अशाच एका कोपऱ्यातल्या देवाची, त्सुयुकामीची आहे. एकेकाळी माणसाएवढा असलेला हा देव भक्त कमी होत गेले तसा लहान होत जातो, आता मुठीत मावेल एवढा उरलाय. हाना नावाची एकच म्हातारी त्याला नैवेद्य आणते. ती जाते आणि तोही तिच्याबरोबर विरून जातो. नात्सुमेनं स्वतः पूजा करायची तयारी दाखवली तरी तो नको म्हणतो. वीस-बावीस मिनिटांत एवढं मावतं, याचं श्रेय मूळ लेखनाच्या घडणीला आहे.

ती घडण मासिकामुळे आली. मांगा २००३ मध्ये हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘लाला डीएक्स’मध्ये सुरू झाली. हे मासिक दर दोन महिन्यांनी निघायचं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे पुरी होणं सोयीचं होतं. ‘लहानपणापासून मला विचित्र गोष्टी दिसायच्या’ हे वाक्य वरचेवर येतं ते त्यामुळेच. नवा वाचक कुठूनही आत येऊ शकतो.

पात्रांची मांडणी समजून घ्यायची तर कोणाला किती दिसतं ते पाहावं. नात्सुमेला सगळं दिसतं, इतकं की माणूस कोण आणि योकाई कोण हे त्याला पटकन ओळखता येत नाही. पुजाऱ्याच्या मुलाला, तानुमाला, फक्त सावली जाणवते आणि डोकं दुखतं. ताकीला एरवी काहीच दिसत नाही, पण आजोबांच्या कागदांतलं एक वर्तुळ जमिनीवर काढलं की त्यात पाऊल टाकणारा योकाई दिसतो. एकदा त्यापायी तिला शाप लागतो आणि ज्यांची नावं ती घेईल ती माणसं धोक्यात येतात, म्हणून ती बोलणंच बंद करते. पुन्हा नावच! नातोरी नट आहे आणि भूत काढणाराही. कागदी बाहुल्या वापरतो. पालीच्या आकाराचा एक डाग त्याच्या अंगभर फिरतो, फक्त डाव्या पायावर जात नाही. भूत काढणाऱ्यांच्याच घराण्यातल्या मातोबाच्या पूर्वजांनी एका योकाईला उजवा डोळा कबूल केला आणि शब्द फिरवला, म्हणून त्या घराण्याचा प्रमुख उजव्या डोळ्यावर मंतरलेला कागद बांधतो. आणि ज्यांना काहीच दिसत नाही ते फुजिवारा जोडपं, शिगेरू आणि तोको, पोरक्या नात्सुमेला घर देतात. त्यांच्याशी खोटं बोलावं लागतं, हेच त्याचं सर्वांत मोठं ओझं.

ॲनिमे जुलै २००८ मध्ये सुरू झाली. पहिली चार पर्वं ब्रेन्स बेस स्टुडिओची, दिग्दर्शक ओमोरी ताकाहिरो, प्रत्येकी १३ भाग. चौथं २०१२ मध्ये संपलं. पाचवं (२०१६) आणि सहावं (२०१७) शुका स्टुडिओचं, प्रत्येकी ११ भागांचं. २०१८ मध्ये चित्रपट आणि २०२४ मध्ये १२ भागांचं सातवं पर्व आलं. क्रम लावताना गोंधळ होतो, कारण दुसऱ्या पर्वाच्या नावात आकडा नाही, ‘झोकू’ म्हणजे ‘पुढे चालू’ एवढंच आहे. तिसऱ्यापासून सान, शी, गो, रोकू, शिची. हे आकडे रोजच्या लिपीत न लिहिता दस्तऐवजांतल्या जुन्या, खाडाखोड करता न येणाऱ्या चिन्हांत लिहिले आहेत. कराराच्या वहीला ते शोभतं.

पडद्यावरचं गाव काल्पनिक असलं तरी त्याचं निसर्गचित्र क्युशूमधल्या हितोयोशी आणि कुमा भागावरून घेतलंय, लेखिकेच्याच कुमामोतो प्रांतातलं. भातशेती, एकपदरी रेल्वे, वेगवान कुमा नदी. ४ जुलै २०२० च्या पुरात या नदीने हितोयोशी बुडवलं. चाहते ज्या वाटांनी फिरायला जायचे, त्यातल्या कित्येक चिखलाखाली गेल्या.

राहिला न्यांको-सेन्सेई, नात्सुमेबरोबर राहणारं मांजर. मूळचा मादारा, पांढरा, प्रचंड श्वापदासारखा योकाई. मानेकी-नेको, म्हणजे गिऱ्हाइकाला पंजाने बोलावणाऱ्या मांजराच्या पुतळ्यात, कोंडलेला. पळताना नात्सुमेकडून देवळाची बंधनाची दोरी तुटते आणि तो सुटतो. इनोउए काझुहिको दोन्ही रूपांना आवाज देतात, मांजराला चिरका आणि मादाराला खोल. त्याचा करार सरळ आहे: नात्सुमे जिवंत असेपर्यंत राखण करायची, तो मेला की वही आपली. पण प्रत्येक नाव परत गेलं की वही एका पानाने पातळ होते, म्हणजे मांजराच्या वाटणीतूनच ते पान जातं. तो दर वेळी कुरकुरतो, मांजू मागतो, आणि पुढचं नाव परत द्यायला नात्सुमेबरोबर निघतो.