शर्करेला धनुर्वाताची जोड

लस म्हणजे मेलेले किंवा दुबळे केलेले जंतू टोचणे, अशी समजूत अजूनही पुष्कळ आढळते. आफ्रिकेतील मेनिंजायटिससाठी (मेंदूच्या आवरणाचा दाह) पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लसीत मात्र अख्खा जंतू नाहीच. त्याच्या कवचातील शर्करेची साखळी तेवढी आहे.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या ऋतूत ‘ए’ गटाच्या मेनिंगोकोकस जीवाणूची साथ येत असे. १९९६-९७ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० दगावले. उपचार न मिळाल्यास हा आजार निम्म्या रुग्णांचा बळी घेतो. म्हणून ताप येऊन मान ताठली असताना अंगारे-धुपाऱ्यांत घालवलेला प्रत्येक तास जिवावर बेतू शकतो.

निव्वळ शर्करेची लस पूर्वीही होती, पण तिचे संरक्षण काही वर्षांत ओसरे आणि तान्ह्या मुलांत ती तोकडी पडे. याचे कारण असे की, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी शर्करा ओळखतात खऱ्या, परंतु दीर्घकालीन स्मृती घडवण्यासाठी त्यांना साहाय्यक टी पेशींची मदत लागते, आणि या टी पेशींना सहसा प्रथिनांचे तुकडेच ओळखता येतात. ही अडचण सुटते ती शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडल्यावर. बी पेशी शर्करेला धरून ही संपूर्ण जोडगोळी गिळते, आत प्रथिनाचे तुकडे करते आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी पेशी ओळखते ते धनुर्वाताचे प्रथिन, पण तिच्या मदतीने वाढते ती शर्करा ओळखणारी बी पेशी! पुढे लसिकाग्रंथींत अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची निवड होत जाते आणि स्मृतिपेशी मागे उरतात. शर्करा प्रथिनाला जोडण्याची ही युक्ती ॲव्हरी आणि गोबेल या शास्त्रज्ञांनी १९२९ मध्येच दाखवली होती. तिचे मोल कळायला अर्धे शतक लागले.

अर्ध्या डॉलरहूनही स्वस्त असलेली ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली. ती घशात मुक्काम करणाऱ्या जीवाणूलाही हुसकावते, त्यामुळे लस न घेतलेल्यांचेही रक्षण झाले. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा रुग्ण नोंदलेला नाही.

यावरून मेनिंजायटिसच संपला असे म्हणणे चूक आहे, कारण ‘सी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ गटांच्या साथी येतच राहिल्या. म्हणून २०२४ मध्ये पुण्यातच बनलेली पाच गटांची लस नायजेरियात प्रथम वापरली गेली. तिच्यात शर्करांना जोडलेली दोन वाहक प्रथिने आहेत: ‘ए’ आणि ‘एक्स’ यांच्या शर्करांना धनुर्वाताचे, तर ‘सी’, ‘वाय’ आणि ‘डब्ल्यू’ यांना घटसर्पाच्या विषाचे निरुपद्रवी रूप.