कर्मचारी-नोंदी, प्रयोगशाळेतील

प्रयोगशाळेत कोण काम करतो, कोणती चाचणी करण्याचा अधिकार त्याला कोणत्या तारखेपासून आहे आणि त्याचा हात कोणी पारखला, हे दाखवणारी कागदपत्रे. चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ : २०१७ या मानकाचे कलम ६.२ निवड, प्रशिक्षण, देखरेख, अधिकार देणे आणि क्षमतेवर लक्ष ठेवणे या सर्वांच्या नोंदी मागते. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ आहे. भारतात दोन्हींची मान्यता एनएबीएल हे राष्ट्रीय मंडळ देते.

बडोदे (वडोदरा) हे औषधनिर्मितीचे जुने ठिकाण; अलेंबिक ही औषध कंपनी येथे १९०७ साली सुरू झाली. इथल्या प्रयोगशाळांत मराठी आणि गुजराती माणसे एकाच टेबलावर काम करतात आणि जोशी, देसाई ही आडनावे दोन्हीकडची. त्यामुळे एकाच लॉगबुकात दोन ‘वि. जो.’ सहज निघू शकतात. यावर उपाय म्हणजे नमुना सह्यांची वही : पूर्ण नाव, पूर्ण सही, छोटी सही, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख. दिसायला ही वही किरकोळ, पण ती नसेल तर बाकीच्या सह्या कोणाच्या ते सांगता येत नाही. आकड्यांचीही तीच गत. घाईत लिहिलेला देवनागरी किंवा गुजराती चार इंग्रजी आठासारखा दिसतो. तेव्हा आकडे एकाच लिपीत लिहायचे हे आधीच ठरवलेले बरे.

चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारतात, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी कारण, सही, तारीख. व्हाइटनर आणि पेन्सिल चालत नाही. पानावर उरलेली कोरी जागा तिरकी रेघ मारून बंद करतात. मोडी पत्राच्या शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का, उठवत, तेही मागाहून कोणी ओळ घुसडू नये म्हणूनच. तराजूची थर्मल कागदावरची चिठ्ठी काही काळाने पुसट होते, म्हणून तिची झेरॉक्स काढून तीवर सही घेतात.

हजेरीपट ही एरवी आस्थापना विभागाची बाब. तपासनीस मात्र तो तराजूच्या लॉगबुकाशेजारी ठेवून वाचतो : रजेच्या दिवशी त्याच माणसाची सही वजनापुढे दिसली, की विचारपूस तिथून सुरू होते.