टेबल सॉला नवीन रिपिंग ब्लेड घेताय? मग जास्त दात्यांच्या मागे लागू नका

दुकानात टेबल सॉची, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल करवतीची, 10 इंची ब्लेडं शेजारी शेजारी टांगलेली असतात, एकाला 24 दाते, एकाला 40, एकाला 80, आणि बरेच जण 80 वालं उचलतात कारण जास्त दाते म्हणजे जास्त फिनिशिंग. प्लाय कापायला किंवा लाकूड आडवं कापायला हे बरोबरच आहे. पण जाड फळी उभी, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, चिरायला घेतली (यालाच रिपिंग म्हणतात) की तेच ब्लेड लाकूड जाळतं, काळे पट्टे उठतात, मोटरचा आवाज बसतो.

लाकूड म्हणजे आतून बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. आडवं कापताना एकेक नळी तोडायची असते, म्हणून तिथे आलटून पालटून तिरके घासलेले टोकदार दाते लागतात. उभं चिरताना मात्र नळ्या सोलून काढायच्या असतात, त्यामुळे रिपिंग ब्लेडचा दाता वरून सपाट असतो आणि पुढे साधारण 20 अंश झुकलेला, आणि निघणारा लांब लांब कीस मावायला दोन दात्यांमध्ये मोठी खाच. ही खाच लहान असली की भुसा तिथेच कोंबला जातो, घासतो आणि तापतो.

आता हिशोब करून बघा. ब्लेड 2,880 आरपीएमने, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेत, फिरतंय आणि तुम्ही मिनिटाला 4 मीटर फळी ढकलताय असं धरा, 24 दात्यांत प्रत्येक दाता जेमतेम 0.06 मिमी लाकूड काढतो. 80 दात्यांत तेच 0.017 मिमी. एवढ्या पातळ थरात दाता कापत नाही, नुसता घासतो, आणि त्या घासण्याची उष्णता म्हणजेच ते काळे पट्टे. म्हणून 24 दातेच घ्या, फार तर 30.

आपल्याकडे सागवान खूप चिरलं जातं आणि सागात सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, साधी पोलादी धार त्याच्यापुढे फार टिकत नाही. टंगस्टन कार्बाइडच्या दात्यांचंच, म्हणजे टीसीटी ब्लेड घ्या, आणि दात्यावरचा तुकडा जाड आहे का ते बघा, जाड असला तर पुन्हा पुन्हा धार लावता येते, जरा महाग पडलं तरी परवडतं.

ब्लेडच्या मधलं भोक आधी मोजा, 25.4, 30 की 15.88 मिमी, मशीनप्रमाणे बदलतं. ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम मशीनपेक्षा जास्तच हवा.

आणि एक गोष्ट अजिबात सोडू नका. ब्लेडच्या मागे जी उभी पट्टी असते, रायव्हिंग नाइफ, ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ असायला हवी. साधारण 2.4 मिमी काप असलेलं थिन कर्फ, म्हणजे अरुंद काप घेणारं, ब्लेड लावलं आणि मागची पट्टी 2.5 ची असली तर फळी तिथेच अडकते, मग लोक वैतागून ती पट्टीच काढून टाकतात, हे फार धोक्याचं. फळी चिरताना लाकडातला ताण मोकळा होतो, कधी काप मिटायला लागतो, तो उघडा ठेवायला ही पट्टी नसली की मागचे, वर येणारे दाते फळी पकडून सरळ तुमच्या अंगावर फेकतात. 10 इंची ब्लेडची कड त्या 2,880 आरपीएमला ताशी 138 किमीच्या आसपास पळत असते, माणसाला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. तेव्हा पट्टीवर छापलेली जाडी वाचा, ब्लेडवरचे काप आणि पत्रा असे दोन्ही आकडे वाचा, आणि जुळत असेल तरच पैसे द्या.