रिव्हरवरील बोली व चेक (पोकर)

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात पाचवे व शेवटचे सामाईक पान उघडले की बोलीची अखेरची फेरी होते. या पानाला ‘रिव्हर’ म्हणतात. आपली पाळी आल्यावर पैसे लावायचे, की काही न लावता पाळी पुढे द्यायची, म्हणजे ‘चेक’ करायचे, हा या फेरीतला मुख्य प्रश्न. प्रत्येकाच्या हातात दोन बंद पाने असतात. रिव्हरआधी तीन पानांचा फ्लॉप आणि चौथे पान, टर्न, उघडलेले असते. एकूण सात पानांतली सर्वोत्तम पाच धरली जातात.

सातारा-सांगली भागात गणपतीच्या जागरणाला आणि दिवाळीच्या सुटीत पत्त्यांचा फड बसतो तो बहुधा तीन पत्तीचा किंवा रमीचा. तीन पत्तीत पाळी आली की चाल टाकायची, नाहीतर पाने टाकून पॅक व्हायचे. काही न लावता डावात राहण्याची सोयच नाही. त्या सवयीचा गडी पोकरला बसला की चेकला कच खाल्ल्यासारखे समजतो आणि मधल्या ताकदीची पानेही जोरात लावतो. रिव्हरवर सर्वाधिक नुकसान होते ते इथे. वाईट पानांवर, समोरच्याला घाबरवून पळवायला मारलेल्या ब्लफने एवढे जात नाही.

टर्नपर्यंत पाने सुधारण्याची आशा असते, त्यामुळे अर्धवट पानांवर पैसे लावण्यालाही अर्थ असतो. रिव्हरनंतर पानांची किंमत कायमची ठरते. मग पैसे लावण्याची कारणे दोनच उरतात : आपल्यापेक्षा कमजोर पानांनी कॉल करावा, म्हणजे तेवढेच पैसे लावून डावात राहावे, किंवा वरचढ पानांनी पॅक व्हावे. यांपैकी एकही होण्यासारखे नसेल तर चेक करावा.

घरच्या फडात चिंचोके लावतात, म्हणून उदाहरणही चिंचोक्यांचेच घेऊ. पटावर इस्पिक राजा, बदाम नव्वी, चौकट सत्ती, किलवर तिर्री आणि शेवटी बदाम दुर्री आहे. इथे कोणाचा पाच पानांचा रंग किंवा सिक्वेन्स होऊ शकत नाही. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १०० चिंचोके आहेत, समोर एकच गडी आहे, त्याने चेक केला आहे आणि शेवटची पाळी आपली आहे. आपल्याकडे राजा-गुलाम असेल तर लावावे. राजा-दश्शी, राजा-अठ्ठी, कधी नव्वीची जोडीसुद्धा कॉल करते; एक्का-राजा असता तर समोरच्याने बहुधा आधीच वाढवले असते. कॉल झाल्यावर निम्म्याहून अधिक वेळा आपण पुढे असू, तर लावणे फायद्याचे. प्रत्यक्षात निम्म्याच्या थोडे वर असावे लागते, कारण समोरचा उलट वाढवूही शकतो.

आता हातात नव्वी-अठ्ठी आहे असे धरा. लावले तर राजावाला कॉल करतो आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो पॅक होतो. हरवणारा राहतो, हरणारा जातो. ही जोडी चेक करून फुकटात शोला, म्हणजे पाने उघडण्यापर्यंत न्यावी.

काहीच न जमलेल्या पानांचा हिशेब वेगळा. १०० च्या पॉटमध्ये ५० लावून ब्लफ मारला, तर समोरचा तीनांत एकदा पॅक झाला की बरोबरी होते. १०० लावले तर दोनांत एकदा व्हावा लागतो. उलट बाजूने, ५० ला कॉल करणारा एकूण २०० च्या पॉटसाठी ५० देतो, म्हणजे चारांत एकदा जिंकला तरी त्याची भरपाई होते. १०० ला तीनांत एकदा. म्हणून पॉटएवढी बोली लावणाऱ्याने दोन खऱ्या बोलींमागे एक ब्लफ ठेवला, तर समोरच्याला कॉल आणि पॅक सारखेच पडतात. अर्ध्या पॉटला हे प्रमाण तीनास एक.

ब्लफला कोणती पाने निवडावीत, हे जरा उफराटे आहे. वरच्या पटावर दश्शी-अठ्ठी हातात असेल तर सिक्वेन्स हुकलेला असतो आणि हात शिवशिवतो. पण समोरच्याने पॅक व्हावे अशी जी हुकलेली पाने त्याच्याकडे हवीत, त्यांतलीच दोन आपल्या हातात अडकलेली असतात. तेव्हा इतर रिकामी पाने ब्लफला बरी.

पाळी पहिली असेल तर चेकचा अर्थ पालटतो. चेक केल्याने समोरच्याला ब्लफ मारण्याची संधी मिळते, आणि मधल्या पानांनी तो कॉल करून पकडता येतो. समोरचा उगाच लावणारा असेल तर चेकच उत्तम. तो बुजरा, पण कॉल मात्र करणारा असेल, तर चांगली पाने स्वतःच लावावीत. नाहीतर तोही चेक करतो आणि पॉट वाढत नाही.

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ ओस्कार मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली मांडलेल्या पोकरच्या गणिती नमुन्यातही हेच निघाले : उत्तम पाने लावावीत, अगदी टाकाऊंपैकी काही लावावीत, मधली चेक करावीत. २०१७ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना हरवणारा लिब्रेटस हा संगणकीय कार्यक्रम पॉटपेक्षा मोठ्या बोलीही बेधडक लावत असे. समोरची पाने फक्त मधलीच असू शकतात असे दिसते, तेव्हा अशी बोली चालते. गल्लीतल्या फडात मात्र ब्लफ जपूनच मारावा, कारण तिथे ‘बघू तरी काय आहे’ म्हणून कॉल करणारे फार.

शोच्या क्रमावरून नवख्या फडात वाद होतात. प्रचलित नियम असा की रिव्हरवर शेवटची बोली ज्याने लावली वा वाढवली त्याने पाने आधी उघडावीत. सगळ्यांनी चेक केला असेल, तर त्या फेरीत ज्याची पाळी पहिली होती त्याने उघडावीत. मागाहून उघडणाऱ्याला हरल्याचे दिसले तर पाने न दाखवता टाकता येतात.