कोर्टनाका ते मनोरुग्णालय: कायदा आणि मन यांच्या जुन्या संबंधाची पार्श्वभूमी

‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती ज्या इस्पितळामुळे रूढ झाली ते ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. हल्ली त्याच्या जागेवर होणाऱ्या नव्या रेल्वे स्टेशनचीच चर्चा जास्त. पण या इस्पितळाच्या इतिहासात डॉक्टरांइतकाच मॅजिस्ट्रेटचाही हात आहे. १९१२ च्या ल्युनसी (म्हणजे वेडाविषयीच्या) कायद्याखाली बहुतेक रुग्ण आत जायचे ते कोर्टाच्या रिसेप्शन ऑर्डरवर, म्हणजे रुग्णाला दाखल करून घ्यायच्या हुकुमावर: नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं आणि खाली मॅजिस्ट्रेटची सही. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला तरी ही ऑर्डर टिकली. ती गेली २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने.

फौजदारी बाजूची मुळं मात्र लंडनमध्ये आहेत. १८४३ मध्ये डॅनियल मॅक्नॉटनने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांच्या सचिवाला, एडवर्ड ड्रमंडला गोळी घातली. आपल्या मागे लोक लागले आहेत, या भ्रमाने त्याला पछाडलं होतं. ज्यूरीने त्याला सोडलं, गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी कसोटी घालून दिली: कृत्य करताना आपण काय करतोय, ते चूक आहे, हे आरोपीला कळत होतं का? मनाच्या विकलतेमुळे हे न कळणाऱ्याचं कृत्य गुन्हा नाही, असं सांगणारं १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४ याच वळणाचं. मनावर ताबा उरला होता का, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. मानसशास्त्राची तेव्हा एक शाखा म्हणून नीट सुरुवातही झाली नव्हती, आणि कसोटी आजही तीच.

ठाण्यात हा गुंता जवळून दिसतो. मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात, कोर्टनाका म्हणजे कोर्टांचा परिसर तिथून हाकेच्या अंतरावर, मनोरुग्णालय त्याच शहरात. कच्च्या कैद्याचं, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या आरोपीचं, वागणं विचित्र वाटलं की कोर्ट त्याला तपासणीला पाठवतं. तो पोलीस बंदोबस्तात जातो, काही दिवस निरीक्षणाखाली राहतो, मग रिपोर्ट येतो. त्या रिपोर्टात उत्तर असतं ते आजचं: खटल्यात काय चाललंय हे याला समजतं का, वकिलाला हा काही सांगू शकतो का? कलम ८४ ला हवा असतो गुन्ह्याचा क्षण, आणि तो कधी कधी वर्षांपूर्वीचा असतो. डॉक्टर तेव्हा तिथे नव्हते. मग कोर्ट पाहतं की आरोपी पळाला का, हत्यार लपवलं का, रक्ताचे कपडे धुतले का. १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृत्याच्या आधीची, वेळची आणि नंतरची परिस्थिती बघा असं सांगितलं, आणि आरोपीवरचा पुराव्याचा भार दिवाणी दाव्याइतकाच हलका ठेवला. म्हणूनच घरच्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला ओपीडीचा जुना केसपेपर कधी कधी तज्ज्ञाच्या साक्षीपेक्षा भारी पडतो. ज्यांनी आजार लपवला, बुवा-बाबा केले, त्यांच्याकडे हा कागदच नसतो. माझ्या मते या कसोटीतला सगळ्यात मोठा अन्याय हाच.

मानसशास्त्रज्ञाचं नाव फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं ते २००८ च्या दुरुस्तीने. अशा आरोपीला मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवण्याची सोय झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात आरोपीला गुन्ह्याचा अनुभव आहे का हे शोधणाऱ्या मेंदूच्या चाचणीचा आधार घेतला आणि जगभरातले शास्त्रज्ञ चक्रावले. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को (औषधाच्या गुंगीत प्रश्न), पॉलिग्राफ (खोटं पकडणारं यंत्र) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूची चाचणी) संमतीशिवाय करायला मनाई केली.

एका बाबतीत कोर्ट संसदेच्या पुढे होतं. मारुती दुबळ या मुंबईच्या पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम ३०९ रद्दबातल केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते पुन्हा वैध ठरवलं. असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच आधी गृहीत धरा, हे कायद्याने म्हणायला २०१७ साल उजाडलं.

१ जुलै २०२४ पासून कलम ८४ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ ने घेतली. पहिल्या मसुद्यात तिथे ‘मानसिक आजार’ अशी रचना होती. संसदीय समितीने हरकत घेतली: ही व्याख्या इतकी रुंद आहे की मूड बिघडलेला किंवा स्वतःहून नशा केलेला माणूसही तिचा फायदा उठवेल. अंतिम कायद्यात मनाच्या विकलतेची जुनीच भाषा परत आली.