पहाटेचा भूकंप आणि काळजातलं 'धस्स'

कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे सव्वाचारनंतर. सातारा-पाटणकडची जुनी माणसं त्या रात्रीबद्दल बोलताना हमखास म्हणतात, 'काळजात धस्स झालं.' मला ते वर्णन वैद्यकीयदृष्ट्या फार नेमकं वाटतं.

लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजलाही १७ जानेवारी १९९४ रोजी अशाच पहाटे, साडेचारला, जमीन हादरली. हृदयाच्या धमनीविकाराने अचानक होणारे मृत्यू आदल्या आठवड्यात तिथे दिवसाला सरासरी ४.६ होते. त्या दिवशी ते २४ झाले. त्यातल्या फक्त ३ जणांच्या मृत्यूचा संबंध शारीरिक श्रमाशी लागला. मग बाकीच्यांच्या हृदयात काय झालं?

मेंदूला धोका जाणवला, की मानेच्या तळाशी दोन्ही बाजूंना असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींतून निरोप थेट हृदयाच्या स्नायूत जातो. तिथे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे तणावाचं रसायन सुटतं. एरवी कासरा धरून बसलेली व्हेगस नस त्याच वेळी ढिली पडते. पेशींत कॅल्शियम भराभर शिरतं, ठोका जोरकस आणि जलद होतो. पळायचं असेल तर हे हवंच. पण पेशीतलं कॅल्शियमचं कोठार जास्तच भरलं, तर ते दोन ठोक्यांच्या मध्येच गळतं आणि एखादा ठोका अवेळी पडतो.

धडधाकट माणसाला तो जाणवतो आणि विरून जातो. जुन्या झटक्याचा वण असलेल्या हृदयात मात्र वणाभोवतीचे मज्जातंतू वेडेवाकडे वाढलेले असतात. कुठे दाट, कुठे नाहीतच. अवेळी निघालेली विद्युतलहर त्या वणाभोवती गोल फिरत राहते. लय पुरती मोडली, तर जवनिका (हृदयाचे खालचे कप्पे) आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात, रक्त पुढे जात नाही आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. (हा 'हार्ट अटॅक' नव्हे. त्यात नळी तुंबते, इथे वायरिंग बिघडतं. अर्थात पहिल्यातून दुसरं होऊ शकतं.)

काहींत हा दोष जन्मजात असतो. लाँग क्यूटी नावाच्या विकाराच्या एका प्रकारात पोहणं, तर दुसऱ्यात फोनची अचानक वाजलेली घंटाही पुरते. अशांना बीटा ब्लॉकर गोळ्या देतात. त्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा निरोप पेशीच्या दारातच अडवतात. गोळ्यांनी भागलं नाही, तर मानेकडची डावी गाठ अंशतः काढण्याची शस्त्रक्रियाही करतात.

नॉर्थरिजच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट होती. पुढच्या सहा दिवसांत हे मृत्यू दिवसाला सरासरी २.७ झाले, म्हणजे नेहमीपेक्षाही कमी. ज्यांचं हृदय आधीच काठावर होतं, त्यांच्यापैकी काहींचा नंतरचा मृत्यू भीतीने त्या पहाटेवर आणला असावा.